नलू, तुझा फोटो पिशवीवर छापू दिला नाही

नलू,

तुझ्या शोकसभेत मी भांडले. दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते. दिंडोशीच्या त्या हॉलमध्ये, हार घातलेल्या तुझ्या फोटोसमोर, माइक हातात घेऊन भांडले. तुझ्या सुमनवहिनीने हाताला धरून मला खाली बसवलं, आणि मग ती स्वतः उठली. ते पुढे सांगते. आधी मला तुझ्यावर ओरडायचंय, कारण सभेत तेवढं एक राहून गेलं.

गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. त्या दिवशी सगळे चांगलंच बोलले. ज्यांनी तुला वर्षभर रडवलं तेही चांगलं बोलले. तुमच्या मंडळाचे नाना तर म्हणाले, "नलिनी मला धाकट्या बहिणीसारखी होती." बहिणीसारखी! बहिणीला कुणी तिच्याच टेबलावरून उठवतं का? मी पहिल्या रांगेत बसून माझ्या पर्सचा बंद नुसता पिळत होते. आणि फोटोत तू हसत होतीस. नेहमीसारखी. त्या हसण्याचाच मला सगळ्यात जास्त राग येतो.

अंधेरीच्या विम्याच्या ऑफिसात आपण आयुष्य काढलं. टेबलाला टेबल लागून, डब्यात डबा घालून. मी मुलुंडची, तू दिंडोशीची. रिटायर झाल्यावर मी सकाळच्या योगा क्लासला नाव घातलं आणि तू गावी गेलीस. म्हणालीस, आईचं घर शाकारून येते. परत आलीस ती उकड्या तांदळाची गोणी घेऊन, आणि थेट माझ्या घरी.

"उषे, ह्याची पेज करून खा. मग बोलू."

आमच्याकडे पेज आजारी माणसाला देतात. मी तोंड वाकडं केलं. तू माझ्याच स्वयंपाकघरात शिरून पेज केलीस, वर भाजलेला सुका बांगडा ठेवलास. मी दोन वाट्या प्यायले आणि मग तू बोलायला लागलीस ती दुपार सरेपर्यंत थांबली नाहीस. गावात पुरुष माणसं मुंबईत किंवा गोव्यात. भात लावतात त्या बायका. उतारावर नाचणी करतात त्याही बायकाच. आणि भात खळ्यावर पडलं की व्यापारी येऊन सांगेल त्या भावाने उचलून नेतो, कारण ते ठेवायला जागा नाही, उकडायला मोठी भांडी नाहीत, विकायला ओळख नाही. अर्ध्या बायका म्हणतायत, पुढच्या वर्षी लावणीच नको. शेतं पडीक टाकू, रेशनचा तांदूळ आणू.

"आणि इथे मुंबईत आपली माणसं उकडा तांदूळ मिळत नाही म्हणून बोंब मारतात," तू म्हणालीस. "मधे कोणी नाही गं. मधे उभं राहायला माणूस पाहिजे."

तो माणूस तू झालीस. मला विचारलंही नाहीस आणि मलाही ओढलंस.

सुमनवहिनीने गावातल्या बायकांचा गट बांधला. तुमच्या गावच्या मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाने हॉलमागची खोली धान्य ठेवायला दिली, आणि आठवडी बाजारात टेबल लावायची परवानगीही मंडळाच्या नावावर निघाली. नाना मंडळाचे अध्यक्ष. तेव्हा किती कौतुक होतं त्यांना! उद्घाटनाला नारळ त्यांनीच फोडला.

आणि पहिल्याच हंगामात आपली वाट लागली. तांदूळ आणि नाचणी, दोनच वस्तू. लोक यायचे, तांदूळ हातात घेऊन वास घ्यायचे, आणि विचारायचे, "ज्वारी नाही का?" ज्वारी नाही म्हटलं की निघून जायचे. एका जागी सगळं मिळालं तर माणूस थांबतो, हे आपल्याला कोणी सांगितलं नव्हतं. उरलेल्या नाचणीला कीड लागली. तुझ्या गच्चीवर आपण ती उन्हात घातली, आणि कबुतरांनी आपल्याहून जास्त खाल्ली.

बोरिवलीच्या मैदानातलं ते प्रदर्शन तुला आठवत असेलच. शेजारच्या स्टॉलवर सोलापूरकडचे ज्वारीवाले. गावागावांतल्या शेतकऱ्यांनी मिळून काढलेली त्यांची कंपनी, आणि तिचे सर्वेसर्वा बापू. पांढरी टोपी, भारदस्त आवाज, आणि जागा स्वतःच्या बापाची असल्यासारखा पसारा. त्यांची पोती सरकत सरकत आपल्या टेबलाखाली आली. तू एक पोतं पायाने ढकललंस.

"ओ बाई! धान्याला पाय लावता?"

"मग धान्य माझ्या पायाखाली कशाला ठेवता?"

झालं. अर्धा तास. गिऱ्हाईकं विकत घ्यायचं सोडून तुमचं भांडण बघत उभी. तू त्यांना म्हणालीस, तुमच्या ज्वारीला कुत्रं विचारत नाही. ते म्हणाले, तुमच्या लाल तांदळाकडे बघून लोकांना वाटतंय खराब झालाय. आणि तेवढ्यात एक म्हातारे गृहस्थ मधे घुसले आणि बापूंना म्हणाले, "अहो, भांडण नंतर करा. तुमच्याकडे तांदूळ आहे का?"

बापूंनी तुझ्याकडे बघितलं. तू त्यांच्याकडे. मला आधी हसू फुटलं, मग तुला, आणि मग बापू टोपी काढून डोकं खाजवायला लागले.

"दिवसभर ह्येच चाललंय, ताई," ते म्हणाले. "ज्यो त्यो तांदूळच मागतोय."

"आणि आम्हाला ज्वारी," तू म्हणालीस.

संध्याकाळी दोन टेबलं जोडून एक केलं. कोणाची सही नाही, कोणाचा ठराव नाही. चहा पिता पिता ठरलं. पुढे मग बायकांच्या गटाची आणि बापूंच्या कंपनीची रीतसर बैठक झाली, पण खरी भागीदारी त्या संध्याकाळचीच. त्यांच्याकडे धान्य साफ करायचं यंत्र होतं. कापणीनंतर ते त्यांनी तुझ्या गावी पाठवलं. आपल्याकडे मुंबईतली खोली होती. त्यांची पोती तिथे आली. टेम्पो एक, टेबल एक. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, आठवड्याचे वार वाटून घेतले. दुसऱ्या वर्षी तुझ्या गावात कुणीही शेत पडीक टाकलं नाही. उलट दोघीतिघींनी बांधापलीकडची जुनी शेतं पुन्हा लावली. सुमनवहिनीने फोनवर ते सांगितलं तेव्हा तू ऐकता ऐकता खाली बसलीस. एवढा आनंद मी तुला बोनसलाही झालेला पाहिला नव्हता.

मग तो वाईट हंगाम आला. भात कापून शेतात आडवं पडलेलं, आणि परतीचा पाऊस जो लागला तो हटेना. भाताला पडल्या जागी कोंब फुटले. तू गावी गेलीस आणि फोनवर मला फक्त रडण्याचा आवाज आला. बापूंना कळवायची तुला लाज वाटत होती. करार दोघांचा, आणि आपल्याकडे द्यायला दाणा नाही.

मीच कळवलं. ते म्हणाले, "बघतो." एवढंच. मला वाटलं, संपलं. आता हे टेबल त्यांचं.

चारच दिवसांत त्यांची चार माणसं ताडपत्र्यांचा ट्रक घेऊन तुझ्या गावात उतरली. आयुष्यात भाताचं शेत न बघितलेली, गुडघाभर चिखलात. जे वाचण्यासारखं होतं ते त्यांनी बायकांबरोबर उचलून शाळेच्या पडवीत पसरलं. सुमनवहिनी अजून सांगते, त्यांच्या बोलण्यातलं अर्धं आम्हाला कळायचं नाही आणि आमचं त्यांना काहीच नाही, पण काम अडलं नाही.

आणि इथे मुंबईत वर्षभर बापूंनी टेबलाचा तुमच्या तांदळाचा अर्धा भाग रिकामा ठेवला. रिकामा म्हणजे रिकामा. मी म्हटलं, बापू, तिथे तुमची ज्वारी मांडा की. म्हणाले, "न्हाई. जागा कोकणच्या बायकांची हाय. लोकांनी विचारलं पायजे, हितं काय असतं म्हणून." आणि लोक विचारायचे, आणि तो माणूस प्रत्येकाला सांगायचा, पावसानं भात गेलं, पुढच्या साली येईल, तुम्ही या. पुढच्या साली तांदूळ आला तेव्हा घाटकोपरला लोक आपली वाट बघत उभे होते. रिकाम्या जागेने आपलं गिऱ्हाईक धरून ठेवलं होतं, नलू. हे तू मला शंभरदा सांगितलंस. म्हणून तर मला पुढचं सहन होत नाही.

कारण पुढे त्यांच्यावर वेळ आली. तिकडे जमिनीत ओल नव्हती. पेरलेलं उगवलं नाही, उगवलेलं कणसावर आलं नाही. त्या वर्षी बापूंकडून जी थोडी पोती आली ती महिनाभरात संपली.

नानांनी मंडळाची सभा बोलावली. बायकांचा गट गावात, सभा दिंडोशीत. सभेला कोण? मंडळाचे पुरुष, आणि कोपऱ्यात तू आणि मी. नाना म्हणाले, खोली आपली, परवाना आपला, आणि ज्वारीवाल्यांकडे यंदा माल नाही, मग त्यांची जागा कशाला अडवून ठेवायची? तिथे आपले मसाले ठेवू, कोकम ठेवू, काजू ठेवू. सगळ्या टेबलावर कोकण दिसलं पाहिजे. टाळ्या पडल्या. कोकणचं नाव घेतलं की आपल्याकडे टाळ्या पडतातच.

तू उठलीस. ताडपत्र्यांचं सांगितलंस, रिकाम्या जागेचं सांगितलंस. झकास बोललीस. मला वाटलं, आता ही नानांना लोळवणार. आणि नानांनी शांतपणे विचारलं, "तुम्हाला ते इतके जवळचे वाटतात, तर राहू देत वर्षभर. पण मग टेबलाचा कारभार मंडळ बघेल. तुम्ही बाजूला व्हा. चालेल?"

आणि तू म्हणालीस, "चालेल."

एका शब्दात! तू उभं केलेलं, तू वाढवलेलं, आणि नानांच्या पुतण्याच्या हातात देऊन मोकळी. माझ्याकडे वळून पाहिलंही नाहीस.

त्यानंतर वर्सोव्याला आपलं जे भांडण झालं ते अर्धंच राहिलंय. आज ते पुरं करते. बापूंना सुकट आवडायला लागली होती, त्यांच्यासाठी तू सुकी मासळी घ्यायला गेली होतीस, आणि मी मुद्दाम मागून आले. बांबूंवर बोंबील वाळत होते, खाली जवळा पसरलेला. मी तुला तिथेच गाठलं.

"तू घाबरट आहेस," मी म्हटलं. "लढायचं सोडून पळालीस."

"पळाले नाही. बापू राहिले ना? मला तेवढंच हवं होतं."

"आणि तुझं काय?"

"माझं काय आहे त्यात? मी शेत करते का? धान्य त्यांचं. मी मधे उभी राहणारी. मी हलले तर काय बिघडलं?"

"काय बिघडलं? तो पुतण्या तुला काकी, पोती मोजा, काकी, चहा सांगा म्हणतो, आणि तू सांगतेस!"

"सांगते. चहा सांगितल्याने कोणी मरत नाही, उषे."

आपला आवाज इतका चढला की जवळा राखत बसलेली कोळीण उठून आली. "ए बायांनो, भांडाचा ते तिकरं जाऊन भांडा ना! माज्या जवल्यावर सावली परते!" आपण दोघी निमूट बाजूला झालो. तू हसलीस. मी नाही हसले. आणि तेव्हाच तू छातीवर हात फिरवलास आणि म्हणालीस, "पित्त झालंय, सकाळपासून काही खाल्लं नाही." मी रागात होते, तरी म्हटलं, डॉक्टरकडे जा. "पुढच्या आठवड्यातलं प्रदर्शन झालं की जाते," म्हणालीस.

त्यानंतर मी बाजाराला आले नाही. त्या पुतण्याच्या हाताखाली उभं राहणं मला जमणार नव्हतं. त्याची मला खंत नाही, आजही नाही. खंत असलीच तर ती तुला व्हायला हवी होती.

प्रदर्शन झालं. तू डॉक्टरकडे गेली नाहीस. नंतर अंधेरीचा बाजार होता, मग बोरिवलीचा. मग एका शनिवारी दुपारी टेबल आवरून घरी आलीस, चप्पल काढलीस, आणि सोफ्यावर बसलीस ती उठलीच नाहीस. तुझ्या लेकीचा फोन आला तेव्हा मी भाजी चिरत होते. मी तिला काय म्हणाले माहितीये? म्हणाले, "मी सांगितलं होतं तिला." आईचं प्रेत घरात असलेल्या पोरीला मी हे म्हणाले. तिला समजलं असावं. ती म्हणाली, "हो मावशी, तिने मलाही पित्तच सांगितलं होतं." सगळ्यांना पित्तच सांगितलंस. एवढा गोड खोटेपणा कशासाठी, नलू? कोणाला त्रास होऊ नये म्हणून? झाला. बघ किती झाला.

तर शोकसभा.

हॉल भरलेला. सुमनवहिनी आणि गटातल्या आणखी दोघी गावाहून रातराणीने आलेल्या, त्यांना मागच्या खुर्च्या. बापू सोलापूरहून आलेले, ते दाराशी उभे, टोपी हातात. त्यांना कोणी बसा म्हटलं नाही, बोला तर नाहीच. व्यासपीठावर नाना, पुतण्या, आणि जिने तुला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं अशी कोणीतरी माजी नगरसेविका.

नाना बहिणीसारखीवर थांबले नाहीत. म्हणाले, नलिनीच्या स्मरणार्थ मंडळ नवी पिशवी काढणार. तांदळाच्या प्रत्येक पिशवीवर तिचा हसरा फोटो. आणि तिचं स्वप्न होतं त्याप्रमाणे, हंगाम संपल्यावर ज्वारीवाल्यांची मुदतही संपेल आणि पूर्ण टेबल कोकणचं होईल.

तुझं स्वप्न! तुझा हार अजून सुकला नव्हता.

मी कधी उठले ते मला कळलं नाही. पुतण्याच्या हातातून माइक घेतला आणि म्हटलं, "फोटो छापायचा नाही."

"उषाताई, भावना समजू शकतो..."

"काही समजू शकत नाही तुम्ही. ज्या गोष्टीसाठी ती बाजूला झाली तीच मोडायची, आणि वर तिचाच फोटो चिकटवायचा? हसरा?"

नानांचा चेहरा बदलला. "हा आमच्या गावचा प्रश्न आहे. आपण बाहेरच्या आहात."

आता मी काय बोलले असते देव जाणे. बरंच काही जिभेवर आलं होतं, आणि त्यातलं निम्मं शोकसभेत बोलण्यासारखं नव्हतं. पण मनगटावर एक खरखरीत हात पडला. सुमनवहिनी. पाठीमागून कधी पुढे आली कोण जाणे. मला दाबून खुर्चीवर बसवलं, माइक नको म्हणून हातानेच सांगितलं, आणि सरळ नानांना विचारलं,

"ह्यां कोणी ठरवल्यान?"

"वहिनी, मंडळाने..."

"मंडळ भात लावता?"

हॉलमध्ये कोणीतरी हसलं. नाना नाही हसले. वहिनीचा आवाज चढला नाही, म्हणून जास्त ऐकू आला. म्हणाली, चिखलात आमी, झोडणीक आमी, उकडूक आमी. ज्वारीवाल्यांका काढायचा की ठेवायचा, आमका कोणी इचारल्यानी? त्यांची माणसं आमच्या शेतात येऊन राबली तेव्हा मंडळ खंय होता?

मग तिने दाराकडे बघून बापूंना पुढे बोलावलं. ते आले. त्यांनी तुझ्या फोटोला हात जोडले आणि एवढंच बोलले, "ताई मला एकदा म्हणल्या, बापू, मी कारभारातून सुटले, आता निवांत. मला वाटलं खरंच. त्या आमच्यासाठी सुटल्या, ह्ये आत्ता हितं ऐकल्यावर कळलं. मला कुणी बोललंच न्हाई. कळलं असतं तर मीच टेबल सोडलं असतं."

बघ. म्हणून सांगितलं नाहीस ना त्यांना? मला ठाऊक होतं, पण मला तू शपथ घातली होतीस.

नाना शेवटचं बोलले, आणि ते खोटं नव्हतं: खोली मंडळाची, परवाना मंडळाचा. घ्या तुमचं धान्य.

"घेतो," वहिनी म्हणाली.

आणि घेतलं. दुसऱ्या दिवशी वहिनी, गटातल्या दोघी, बापू, तुझी लेक आणि मी, हॉलमागची खोली रिकामी केली. आता माल कुर्ल्याला आहे, एका चाळीच्या तळमजल्यावर. भिंतीला ओल येते. खाली लाकडी फळ्या टाकून त्यावर पोती रचलीयत, तरी मी येता-जाता हात लावून बघते. बोरिवलीचा वार गेला, अंधेरीचाही गेला. मुलुंड आणि घाटकोपरला एका सोसायटीच्या आणि एका शाळेच्या आवारात बसायला मिळालं. मंडळाचं टेबल वेगळं लागतं, त्यावर काजू, कोकम आणि कुठून आणलेला देव जाणे असा तांदूळ. पिशवीवर तुझा फोटो मात्र नाही. आपली निम्मी गिऱ्हाईकं तिथेच जातात, त्यांना काय माहीत. खोटं कशाला सांगू, आपण आधीपेक्षा लहान झालो.

पण एक झालं. वहिनी जायच्या आधी माझ्या घरी मुलुंडला बैठक झाली. गावातल्या बायका फोनवर, स्पीकर लावून, सगळ्या एकदम बोलत. बापूंकडची माणसं जमिनीवर मांडी घालून. आता लेखी करार करायचा, मंडळ नाही, नाना नाहीत, तू नाही, मी नाही. शेत करणारे दोन्हीकडचे, समोरासमोर. बापूंनी विचारलं, एकाचा हंगाम बुडाला तर काय करायचं, ते आधी बोलून घेऊ. मग फोनमधूनच कुठलीतरी म्हातारी बोलली. तिचं नाव मला कळलं नाही.

"ज्याचां पिकूक नाय, त्याचां टेबल कोणी उचलूचां नाय."

बापूंनी वहिनीकडे बघितलं. वहिनीने त्यांना मराठीत सांगितलं. ते म्हणाले, "व्हय. ह्येच लिवा."

वहिनी मला नंतर म्हणाली, नलूने कारभार सोडला हे गावात कळलं तेव्हा सगळ्या बायका मुंबईला यायला निघाल्या होत्या. एस्टीची चौकशीसुद्धा केली होती. तू फोन केलास आणि सांगितलंस, काही नाही गो, सगळं ठीक आहे, तुम्ही लावणी बघा.

सगळं ठीक आहे! नलू, अगं त्या येत होत्या. तुझ्यासाठी नव्हे, स्वतःच्या टेबलासाठी येत होत्या. तू त्यांना थांबवलंस. जे तुला वाटलं तू एकटीने गिळून टाकायचं, ते त्यांचं होतं. वर्सोव्याला मी तुला घाबरट म्हणाले, ते चुकलंच. तू घाबरली नाहीस. तू सगळ्यांना सांभाळलंस. नानांना, बापूंना, वहिनीला, लेकीला, मला. प्रत्येकाला एकेक गोड थाप दिलीस आणि छातीवर हात फिरवत उभी राहिलीस. आणि तुला वाटलं की हे असंच करायचं असतं. नसतं गं करायचं.

मी आता उकडा तांदूळ विकते. मी, जिला पेज म्हणजे आजारपण वाटायचं. लोकांना सांगते, आधी भिजवा, पाणी जास्त घाला, घाई करू नका. ज्वारी घ्यायला आलेला माणूस तांदूळ घेऊन जातो, तांदळाला आलेली बाई ज्वारी. बापू या वर्षी जरा बरं आहे म्हणतायत.

तू गेल्यावर हे बंद पडलं असतं, तर मला सरळ रडता आलं असतं. पण ते धडपडत चालू आहे, तुझ्याशिवाय, आणि तुझ्या वेळेपेक्षा जास्त त्यांचं होऊन चालू आहे. हे बघायला तू हवी होतीस. एवढंच तुझं काम उरलं होतं, बाजूला खुर्ची टाकून बसायचं आणि बघायचं.

तेवढं तरी थांबायचं असतं, नलू.